‘होल नाइन यार्ड्स’ म्हणजे आपली नऊवारी? इंग्रजी वाक्प्रचारांच्या खऱ्याखोट्या जन्मकथा

माजघर

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर मामींनी एक फॉरवर्ड टाकला. वर दोन गुलाब, खाली तिरंगा, मधे मजकूर. ‘एखादी गोष्ट अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न वगळता, असं सांगायचं असलं की इंग्रजीत ‘द होल नाइन यार्ड्स’ म्हणतात. हा शब्दप्रयोग कुठून आला ठाऊक आहे? आपल्या मराठमोळ्या नऊवारीवरून! अभिमान वाटला तर पुढे पाठवा.’

अभिमान वाटला. पुढे पाठवला. पाच मिनिटांत भाच्याचं उत्तर आलं, ‘मावशी, पुरावा?’

बारावीतल्या पोराने चारचौघांत पुरावा मागितल्यावर मावशीपणाची लाज राखणं भाग होतं. दोन संध्याकाळी घालवल्या. जे हाती लागलं ते इथे मांडतेय, कारण घरच्या ग्रुपवर मांडलं तर यंदा मामींकडचा फराळ बंद.

तर, नऊवारी नाही.

या वाक्प्रचाराच्या मागे अमेरिकेतले शब्दशोधक कित्येक वर्षं हात धुऊन लागले होते. दावेदार भरपूर. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या मशीनगनचा काडतुसांचा पट्टा सत्तावीस फूट, म्हणजे नऊ यार्ड होता आणि वैमानिक ‘अख्खा पट्टा झाडून आलो’ अशा अर्थी तसं म्हणायचे. काँक्रीट फिरवत नेणाऱ्या ट्रकमध्ये नऊ घनयार्ड माल मावतो. स्कॉटिश किल्टला नऊ यार्ड कापड लागतं. आणि हो, हिंदुस्थानी साडी. प्रत्येक जण आपापलं गिऱ्हाईक घेऊन उभा.

मग जुनी वर्तमानपत्रं संगणकावर शोधता यायला लागली आणि सगळ्यांचीच पंचाईत झाली. इंडियाना राज्यात मिचेल नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या पेपरात १९०७ साली गावच्या बेसबॉल सामन्याची बातमी आली, त्यात ‘फुल नाइन यार्ड्स’ आहे. पुढच्या वर्षी त्याच पेपरात मासे पकडून आलेल्या एका गप्पिष्टाबद्दल लिहिलंय की हा कुणाला तरी गाठून आपली गोष्ट पूर्ण नऊ यार्ड ऐकवणार. १९०७ साली ना लढाऊ विमानं, ना काँक्रीटचे फिरते ट्रक. बंदूकवाले आणि सिमेंटवाले तिथेच बाद.

आणि खरी गंमत पुढे. १९१२ मध्ये शेजारच्या केंटकीतल्या पेपरात हाच प्रयोग, त्याच अर्थाने, पण ‘होल सिक्स यार्ड्स’. सहावारी! आमच्याकडे आजीची नऊवारी गेली आणि आईची सहावारी आली. तिकडे दोन्ही एकाच वेळी नेसत होते म्हणायचं.

म्हणजे आकडा मुळात ठरलेलाच नव्हता. गोष्ट लांबलचक आहे एवढंच सांगायचं, कुणी सहा म्हणालं, कुणी नऊ. पुढे नऊ टिकला. नऊ कशाचे हा प्रश्नच चुकीचा. आपण ‘सतराशे साठ भानगडी’ म्हणतो तेव्हा कुणी मोजायला बसतं का? शिवाय शब्द साडीवरून आला असता तर तो आधी मुंबई-पुण्यातल्या गोऱ्यांच्या लिखाणात दिसायला हवा. त्यांच्या तोंडचे इकडचे शब्द गोळा केलेला ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा जाडजूड कोश १८८६ चा. त्यात ‘नाइन यार्ड्स’ नाही.

तुमच्याकडे अशा खऱ्याखोट्या जन्मकथा असतील तर टाका. अट एकच, ‘असं म्हणतात’ चालणार नाही. साल सांगा, गाव सांगा.

फटकळ

माजघरताई, सतराशे साठ कुणी मोजले नाहीत असं कसं म्हणता? एका मैलात किती यार्ड? १७६०! इंग्रज साहेबाने रस्ते मोजायला साखळी लावली, मैलभर चालून दमलेला आपला गडी घरी येऊन बायकोला म्हणाला, ‘सतराशे साठ कटकटी आहेत साहेबाच्या.’ झाला वाक्प्रचार. पुढे पाठवा.

शंकासुर

फटकळ, हे विनोद म्हणून ठीक आहे पण खाली तसं लिहा. महिन्याभरात कुणीतरी खरं म्हणून सांगेल.

मूळ धागा आवडला. या प्रकाराचा मूळपुरुष म्हणजे १९९९ साली इंग्रजीत फिरलेली ती ईमेल, ‘१५०० सालचं जीवन’ अशा छापाची. आपल्याकडेही ती तेव्हा ऑफिसा-ऑफिसांतून फिरली. मला तिचा छापील कागद एका सहकाऱ्याने काचेखाली ठेवण्यासाठी दिला होता! त्यातलं जवळजवळ सगळं कपोलकल्पित आहे. चारच नमुने घेतो.

‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’, म्हणजे मुसळधार पाऊस. ईमेल म्हणते, गवताच्या छपरात कुत्री-मांजरं झोपायची, पाऊस आला की घसरून खाली पडायची. कोकणातल्या कुणाही माणसाला विचारा, गवती छपरावर कुत्रं पावसात बसेल का? ते पडवीत येऊन चुलीशी बसतं. १६५० च्या सुमारास इंग्रजीत कुत्र्या-मांजरांचा पाऊस दिसू लागतो. एका नाटकात तर मांजराच्या जागी पोलकॅट नावाचा मुंगसाच्या चणीचा प्राणी आहे. आजच्या रूपात तो पक्का झाला ‘गलिव्हर’वाल्या जोनाथन स्विफ्टच्या १७३८ च्या पुस्तकात. उगमाचा निकाल कोशकारांनी अजून दिलेला नाही. वेल्श लोक तर ‘म्हाताऱ्या आणि काठ्या पडताहेत’ म्हणतात. त्या म्हाताऱ्या पण छपरावर झोपत होत्या काय?

‘सेव्ह्ड बाय द बेल’. जिवंतपणी पुरलेल्या माणसाच्या बोटाला दोरी, वर घंटा, वगैरे. अशा घंटेच्या शवपेट्यांची पेटंटं १९ व्या शतकात निघाली होती हे खरं, पण वाक्प्रचार मुष्टियुद्धाचा आहे. गडी मार खाऊन खाली गेला, पंच आकडे मोजतोय, तेवढ्यात फेरी संपल्याची घंटा. वाचला. ‘डेड रिंगर’, म्हणजे हुबेहूब दुसऱ्यासारखा दिसणारा, हा पण स्मशानातला नाही, घोड्यांच्या शर्यतीतला. सुमार घोड्याच्या नावावर हुबेहूब तसाच दिसणारा तेज घोडा उतरवायचा, तो ‘रिंगर’. ‘डेड’ इथे ‘अगदी, तंतोतंत’ या अर्थी. आपण ‘मेल्यासारखा झोपलाय’ म्हणतो त्यातही कुणी मेलेलं नसतं.

चौथा, बाळ आणि आंघोळीचं पाणी, म्हणजे नको ते टाकताना हवं तेही टाकून देणं. ईमेल म्हणते, घरातले सगळे एकाच टबात क्रमाने आंघोळ करायचे, शेवटी बाळ, तोवर पाणी इतकं गढूळ की बाळ दिसेना आणि फेकलं जाई. खरा उगम जर्मन. थॉमस मुर्नर नावाच्या लेखकाने १५१२ साली मूर्खांची टवाळी करणारं पुस्तक लिहिलं, त्यात एक बाई पाण्यासकट बाळ ओतून देतेय असं लाकडी ठशाचं चित्रही आहे. म्हणजे पहिल्या दिवसापासून ते व्यंग्य आहे, घडलेली गोष्ट नाही. इंग्रजीत तो आणला कार्लाइल या स्कॉटिश लेखकाने, १८४९ मध्ये.

पेंगुळ

वाचतोय, मस्त चाललंय. त्या बाळ-पाण्याला मराठीत काय म्हणाल? अग्रलेखांत ‘आंघोळीच्या पाण्याबरोबर बाळही फेकून देणे’ वाचलं की मला बाळापेक्षा भाषांतरकाराची कीव येते. ‘सुक्याबरोबर ओलंही जळतं’ चालेल का?

शंकासुर

नाही हो. त्यात ओल्याचा दोष नाही आणि जाळणाऱ्याचा मूर्खपणाही नाही. जवळपास म्हणून ठीक.

देवळालीकर

धाग्यावर ‘असं म्हणतात’ चालणार नाही म्हणालात म्हणून माझ्या गावचा दाखला घेऊन आलोय. बाकीच्यांना महाराष्ट्राचा संबंध ओढूनताणून लावावा लागतो, आमचा सातबाऱ्यावर आहे.

इंग्लंडात एखाद्याचं डोकं फिरलंय असं म्हणायचं असलं की ‘ही हॅज गॉन डूलॅली’ म्हणतात. आजही म्हणतात, आज्या-आजोबा तर हमखास. हे डूलॅली म्हणजे देवळाली. नाशिकजवळचं, आमचं.

१८६० च्या दशकात इथे ब्रिटिश फौजेची छावणी पडली. विलायतेहून आलेली पलटण मुंबईला उतरली की आधी इथे, आणि नोकरीची मुदत संपलेले शिपाई परत जाताना पुन्हा इथेच. मेख अशी की मायदेशी नेणारी सैन्याची जहाजं पावसाळ्यानंतर सुरू व्हायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी बंद व्हायची. ज्याची मुदत त्यानंतर संपली तो अडकला. पुढचं जहाज थेट दिवाळीच्या आसपास. सहा-सात महिने काम नाही, कवायत नावाला, हत्यार जमा केलेलं, खिशात साठलेला पगार आणि समोर दारू. कुणी बाजारात मारामारी केली, कुणाला नको ते आजार जडले, कुणी मनाने खचला. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या शिपायाने १९३६ सालच्या आपल्या आठवणींत या सगळ्याचं वर्णन केलंय. शिपायांच्या बोलीत त्याचं पूर्ण नाव होतं ‘डूलॅली टॅप’. इंग्रजी कानाला टॅप म्हणजे टपली वाटेल. ती टपली नाही, तो आपला ‘ताप’ आहे. देवळालीचा ताप! पुढे ताप उतरला, नुसती देवळाली राहिली.

आता यातली चीड आणणारी गोष्ट. इंटरनेटवर लोक लिहितात, तिथल्या भयंकर उष्म्याने गोरे वेडे झाले. अहो, देवळालीची हवा म्हणजे हवापालटाची हवा! मुंबईहून लोक छाती सुधारायला इथे यायचे, सॅनेटोरियमं बांधली ती काय वेडं व्हायला? आमचे आजोबा कॅम्पातल्या एका बंगल्यावर माळी होते. ते सांगायचे, गोऱ्या शिपायाला उन्हाने काही होत नसे, त्याला रविवार दुपार मारायची. करायला काही नसलं की तो बराकीच्या पायरीवर बसून बुटाची नाडी सोडायचा आणि परत बांधायचा, सोडायचा आणि परत बांधायचा.

अजून तोफखान्याची शाळा इथेच आहे. लष्कर गेलं नाही, ताप तेवढा गेला.

हडसनकाठची

देवळालीकर, अंगावर काटा आला त्या नाडीने. माझं माहेर भगूरचं, लहानपणापासून देवळाली स्टेशनवर उतरतेय, आणि हे मला न्यू जर्सीत बसून तुमच्याकडून कळतंय.

तांडेल

मी दर्यावरचा माणूस, तीस वर्षं मालवाहू बोटींवर काढली, त्याआधी बापाच्या शिडाच्या होडीवर. म्हणून थोडं पाण्यातलं सांगतो.

‘थ्री शीट्स टु द विंड’ म्हणजे तर्र झालेला. शीट म्हटल्यावर सगळ्यांना शीड वाटतं, चादरीसारखं म्हणून. चूक. शीट हा दोर आहे. शिडाचा खालचा कोपरा ज्या दोराने ताणून धरतात तो. वाऱ्यात शीड किती भरायचं ते त्या दोरावर. एक सुटला तर शीड फडफडतं, तीन सुटले तर बोट कुठे जाईल सांगता येत नाही, ती या कुशीवरून त्या कुशीवर झोकांड्या खाते. माझ्या हातून लहानपणी एकदा तो दोर सुटला होता. शिडाचा फटकारा असा आला की बाप ओरडायच्या आधी मी खाली बसलो. बाप एवढंच म्हणाला, ‘दारू प्यायलास काय रे?’ त्याला इंग्रजी येत नव्हतं!

‘बाय अँड लार्ज’ पण आमचंच. ‘बाय’ म्हणजे वाऱ्याच्या तोंडाला जितकं जाता येईल तितकं जाणं, ‘लार्ज’ म्हणजे वारा मागून घेऊन मोकळं सुटणं. दोन्ही प्रकारे नीट चालणारी बोट चांगली. म्हणून ‘एकंदरीत पाहता’. ‘टेकन अबॅक’ म्हणजे वारा अचानक समोरून येऊन शीड उलटं डोलकाठीवर चिकटणं. बोट जागच्या जागी थबकते. माणूस थबकतो तसाच.

‘अबव्ह बोर्ड’ सुद्धा जहाजाचंच असणार, डेकच्या वर सगळं उघड, लपवाछपवी नाही.

शंकासुर

तांडेलकाका, पहिल्या तिन्हींना दंडवत. चौथ्याला हरकत. तिथे बोर्ड म्हणजे टेबल. पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर ठेवला तर पत्ता बदलता येत नाही. १७ व्या शतकाच्या सुरुवातीपासून हा अर्थ मिळतो.

शब्दांच्या इतिहासवाल्यांत एक जुना विनोद आहे. सगळ्या वाक्प्रचारांचा उगम समुद्रात शोधणाऱ्यांची एक समिती आहे म्हणे, तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवली की ‘कनू’ म्हणजे होडी होते. फार थंडी पडली की इंग्रजीत पितळी माकडाचेही गोळे गळून पडतील म्हणतात, त्या ‘ब्रास मंकी’चंही असंच. कडाक्याच्या थंडीत जहाजावरचं पितळी तबक आकसायचं आणि त्यावर रचलेले तोफगोळे घरंगळायचे, त्या तबकाला मंकी म्हणायचे, ही कथा ऐकली असेल. तबक थंडीने केसभर आकसतं, तेवढ्याने गोळा हलत नाही. आणि हलणाऱ्या जहाजावर तोफगोळ्यांचे मनोरे कोण रचेल?

तांडेल

रचणार नाही, हे मात्र शपथेवर सांगतो. भर समुद्रात आम्ही चहाचा कपसुद्धा मोकळा ठेवत नाही. टेबलाचं मान्य.

पण नेल्सन तरी आमच्याकडे राहू द्या. २ एप्रिल १८०१, कोपनहेगनची लढाई. वरिष्ठ हाइड पार्करने माघारीचा निशाण-संदेश दिला, नेल्सनने दुर्बीण आंधळ्या डोळ्याला लावली आणि ‘मला काही दिसत नाही’ म्हणून लढत राहिला. जिंकला. उजव्या डोळ्याची दृष्टी १७९४ मध्ये कोर्सिका बेटावर काल्वीच्या वेढ्यात गेली होती. म्हणून ‘टर्न अ ब्लाइंड आय’. हा नेल्सन पोरवयात ‘सीहॉर्स’ जहाजावर असताना आपल्या मुंबई बंदरातही येऊन गेलाय.

शंकासुर

लढाई खरी, डोळा खरा, मुंबई खरी. पण डोळेझाकीचा तो शब्दप्रयोग नेल्सन जन्मायच्या आधीपासून इंग्रजीत आहे. त्याने तो गाजवला असं म्हणू. आणि चित्रांत दाखवतात तशी डोळ्यावर काळी पट्टी त्याने कधी बांधली नाही.

माजघर

मधेच एक. आपला ‘कानाडोळा’! माझी आजी तो ‘काणाडोळा’ असाच म्हणायची. काणा म्हणजे एका डोळ्याने अधू. म्हणजे नेल्सनशिवाय आपण तिथेच पोचलो. मी इतकी वर्षं समजत होते की त्यात कान आणि डोळा असे दोन अवयव आहेत.

बखरबहाद्दर

‘बाइट द बुलेट’बद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? मन घट्ट करून नकोसं काम उरकणं. यावर दोन कथा आहेत. एक, भूल देण्याचं औषध नसताना शस्त्रक्रियेच्या वेळी सैनिकाच्या दातांत शिशाची गोळी द्यायचे. दुसरी आपल्या जवळची, १८५७ ची. एनफील्ड बंदुकीचं काडतूस दातांनी तोडायचं, त्याला गाई-डुकराची चरबी, त्यावरून शिपायांचा उठाव, आणि म्हणून ‘गोळी चावणे’. हे मी एका चांगल्या माणसाच्या भाषणात ऐकलंय, टाळ्याही पडल्या होत्या.

पण काडतूस चावणं आणि गोळी चावणं वेगळं. एनफील्डचं काडतूस म्हणजे कागदाची पुंगळी, आत दारू आणि शिशाची गोळी. दातांनी तोडायचा तो कागद. गोळी नळीत जाणार, ती चावून काय करायची? आणि तारखेने तर निकालच लागतो. फ्रान्सिस ग्रोस नावाच्या गृहस्थाने गावरान इंग्रजीचा कोश केला, त्याच्या १७९६ च्या आवृत्तीत ‘नाइटिंगेल’ असा शब्द आहे. फटक्यांची शिक्षा होताना जो शिपाई ओरडतो तो बुलबुल! काही पलटणींत ओरडणं नामुष्कीचं मानत, म्हणून शिपाई तोंडात गोळी धरून चावत राहायचे. म्हणजे बराकपूरच्या साठेक वर्षं आधी. वैद्याने दिलेली गोळी नाही ती, शिपायाने आपल्या अब्रूसाठी धरलेली आहे. आलंकारिक अर्थाने ती किपलिंगने १८९१ मध्ये वापरली.

इंग्रजांना हसताना आपलंही झाकलेलं उघडतो. ‘संक्रांत कोसळली’ हा प्रयोग पानिपतावरून आला, कारण लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली, हे आपण शाळेपासून ऐकतो. लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली यात वाद नाही. पण त्या वर्षी संक्रांत १४ ला होती कुठे? विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो मकरसंक्रांतीचा दिवस होता. संक्रांत इंग्रजी तारखेत हळूहळू पुढे सरकते. १८६३ ला १२, तर त्याआधी शंभर वर्षं ती १० च्या आसपासच येणार. म्हणजे भाऊसाहेब लढायला निघाले तेव्हा तिळगूळ वाटून चार दिवस झाले होते. पंचांगातली संक्रांतदेवी ज्या दिशेला पाहते तिकडे संकट, ही समजूत पुरेशी आहे त्या प्रयोगाला. त्यासाठी पानिपत लागत नाही.

पेंगुळ

बखरबहाद्दर, तुम्ही आज माझ्या इतिहासाच्या सरांवर संक्रांत आणलीत.

मी आयटीतला, म्हणून माझा शब्द ‘डेडलाइन’. सगळे म्हणतात त्यात डेड आहे म्हणून मेलो-मेलो होतं. आज सहज शोधलं आणि हसू गेलं. अमेरिकन यादवी युद्ध, १८६४, जॉर्जियातला अँडरसनव्हिलचा युद्धकैद्यांचा तळ. लाकडी तटाच्या आत साधारण एकोणीस फुटांवर एक बुटकं कुंपण, काही ठिकाणी नुसती आडवी फळी. ते ओलांडलं, नुसता हात पलीकडे गेला तरी वरचा पहारेकरी गोळी घालायचा. त्या रेषेचं नाव डेडलाइन. चौदा महिन्यांत तिथे सुमारे ४५,००० कैदी आले, त्यातले जवळजवळ १३,००० भुकेने आणि हगवणीने मेले. तळाचा अधिकारी हेन्री वर्झ याला १० नोव्हेंबर १८६५ ला फाशी दिली. त्याच्या खटल्यात हा शब्द पुन्हा पुन्हा येतो.

उद्या मॅनेजर ‘डेडलाइन क्रॉस झाली’ म्हणाला की मी गप्प बसणार आहे.

खिळेजुळारी

पेंगुळ, तुमचा शब्द तुरुंगातून ऑफिसात यायच्या आधी आमच्याकडे थांबला होता. मी पुण्यातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायचो, १९७६ ते ८९. इंग्रजी मुद्रकांच्या भाषेत छपाईयंत्राच्या पाट्यावरची एक रेघ म्हणजे डेडलाइन, तिच्या बाहेर गेलेला मजकूर उमटत नाही. मग वर्तमानपत्रवाल्यांनी ती वेळेला लावली.

आमच्या धंद्याने इंग्रजीला बरंच दिलंय. ‘अपर केस, लोअर केस’ म्हणजे अक्षरशः वरची पेटी आणि खालची पेटी. इंग्रजी जुळवणाऱ्याचं सुख असं की दोन पेट्यांत त्याचा संसार. देवनागरीचा माणूस मात्र अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, उकार यांच्या खणांसमोर डावी-उजवीकडे सारखा नाचत असायचा. ‘स्टिरिओटाइप’ म्हणजे जुळवलेल्या पानाचा साचा घेऊन ओतलेला पत्रा, पुन्हा पुन्हा तेच छापायला. फ्रेंच त्याच पत्र्याला ‘क्लिशे’ म्हणायचे. तेव्हा जो लेखक आपल्याला ‘क्लिशे टाळा’ सांगतो तो आम्हा छापखानेवाल्यांचीच भाकरी खातो. मराठीत आपण ‘छापील उत्तर’ म्हणतो, तेही तेच.

आता ‘माइंड युअर पीज अँड क्यूज’. नीट वागा. खिळ्यावर अक्षर आरशासारखं उलटं असतं, त्यामुळे पी आणि क्यू यांची गफलत होते, म्हणून फोरमन शिकाऊ पोराला तसं बजावायचा, ही कथा मला माझ्या फोरमननेच सांगितली. फार आवडायची. नंतर एकदा इंग्रजी काम हातात असताना विचार आला, मग बी आणि डी काय सोवळ्यात आहेत? तीच गफलत तिथेही होते. ‘माइंड युअर बीज अँड डीज’ का नाही? तेव्हापासून मी ती कथा सांगत नाही. आमची खरी डोकेदुखी घ आणि ध. ‘धर’ जुळवताना ‘घर’ व्हायचं आणि मुद्रितशोधक चष्म्यावरून बघायचा.

बखरबहाद्दर

ध चा मा ऐकला होता, ध चा घ आज कळला!

हॉब्सन-जॉब्सनचं नाव निघालंच आहे म्हणून भर. त्याने स्वतःही एक गोड थाप खपवायचा प्रयत्न केला. ‘आय डोंट गिव्ह अ डॅम’ यातला डॅम म्हणजे आपला ‘दाम’, अकबराच्या काळातलं तांब्याचं नाणं, चाळीस दामांचा रुपया. छदाम देणार नाही, दमडीची किंमत नाही, असं आपण म्हणतोच, म्हणून पटतंही पटकन. पण ऑक्सफर्डच्या कोशाने ते फेटाळलं. तो साधा शिवीतला डॅम. उलट ‘बिग चीझ’, म्हणजे बडी असामी, यात मात्र आपला माल निघाला. फारसी-उर्दूतली ‘चीज’, म्हणजे वस्तू. गोरे म्हणायला लागले ‘द रिअल चीज’, मायदेशी जाऊन त्याचं झालं चीझ, अमेरिकेत तो मोठा झाला. कष्टाचं चीज होतं म्हणतात ते असं.

हडसनकाठची

मी इथल्या विमा कंपनीत नोकरी करते. आमच्याकडे रोज वापरला जाणारा शब्द ‘ग्रँडफादर्ड इन’. नवा नियम आला तरी जुन्या ग्राहकाला जुन्याच अटी लागू. मला वाटायचं, आजोबांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक म्हणून गोड शब्द असेल. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत टेबलावरच्या एका कृष्णवर्णीय सहकारी बाईंनी शांतपणे सांगितलं की त्या तो शब्द वापरत नाहीत.

यादवी युद्धानंतर काळ्या पुरुषांना मताधिकार मिळाला. दक्षिणेतल्या राज्यांनी तो काढून घ्यायला वाचनपरीक्षा, मालमत्तेची अट असं काय काय आणलं. पण त्यात गरीब, निरक्षर गोरेही गळणार होते. म्हणून लुइझियानाने १८९८ मध्ये पळवाट काढली. १ जानेवारी १८६७ ला ज्याच्या बापाला किंवा आजोबांना मताचा हक्क होता त्याला परीक्षा माफ. आणि त्या तारखेला काळ्या माणसाच्या आजोबांना तो हक्क नव्हताच. हे ते आजोबा. १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असली कलमं रद्द केली. ‘सोल्ड डाउन द रिव्हर’, म्हणजे दगा दिला, याची नदीही तशीच आहे. मिसिसिपी. वरच्या राज्यांतल्या गुलामाला दक्षिणेच्या मळ्यांवर विकून टाकायचं.

मी आता ईमेलमध्ये ‘पूर्वीच्या अटी कायम’ एवढंच लिहिते. इंग्रजीतही साध्या शब्दांत सांगता येतं.

फटकळ

वरचं वाचून मला विनोद सुचत नाहीये, म्हणून गंभीर प्रश्न. लालफीत, पांढरा हत्ती, हिमनगाचं टोक, सिंहाचा वाटा हे आपण सरळ उचललेले ना? हत्ती ठीक आहे, हिमनग कुणी पाहिलाय इकडे?

माजघर

उचललेलेच. तिकडे सरकारी आणि कोर्टाचे कागद लाल फितीने बांधायचे, त्यावरून ‘रेड टेप’. पण त्याच कामाला आपला घरचा शब्द आहे आणि तो मला जास्त आवडतो, ‘बासनात गुंडाळणे’. बासन म्हणजे पोथी, कागद बांधायचं फडकं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांची मोजणी अजून ‘रुमालां’त होते. फितीची गाठ निदान दिसते तरी, बासनात गेलेलं काही दिसतही नाही.

भाच्याला धागा दाखवला. त्याने नऊवारीचा भाग घरच्या ग्रुपवर टाकला, माझं नाव लावून! मामींनी दिवसभर काही लिहिलं नाही. रात्री एवढंच आलं, ‘बरं. पण तुला नेसता येते का?’

नाही येत. दिवाळीला शिकायला बोलावलंय.

माजघर

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, क्षमस्व. आज सकाळी मामींचा फॉरवर्ड. वर दोन गुलाब, खाली तिरंगा. ‘आपण ‘सतराशे साठ भानगडी’ म्हणतो, हा आकडा कुठून आला ठाऊक आहे? एका मैलात १७६० यार्ड असतात! इंग्रजांनी रस्ते मोजताना...’

फटकळ

मी नाही पाठवला. आईशप्पथ. पण साखळीवाला गडी आहे का त्यात? बायको?

माजघर

गडी आहे. बायको पण आहे. आता तिला नऊवारी नेसवलीय.